रक्ताचा कर्करोग आणि हृदयावरील शस्त्रक्रिया



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल, की एका संध्याकाळी दोन-दोन रोग कशाला? वसंत ऋतूत मोगऱ्याचा आणि आंब्याचा विचार करावयाचा सोडून रक्ताचा कर्करोग आणि हृदयाची शस्त्रक्रिया यांची गाठ घालणारा हा कोण गृहस्थ? आपली शंका रास्त आहे. परंतु ही गाठ मी घातलेली नाही. ती रोग्यांच्या शरीरात पडते आहे, आणि पूर्वीपेक्षा अधिक वेळा पडते आहे. एखाद्या घरात वडिलांच्या रक्ताचा आजार निघावा, तो कसाबसा आटोक्यात यावा आणि तोच त्यांच्या हृदयाची झडप निकामी झाल्याचे कळावे, म्हणजे घरच्या माणसांना दुष्काळात तेरावा महिना आल्यासारखे वाटते. मग कोणी म्हणतो, ‘आता कर्करोगच आहे, तर छाती फाडून काय उपयोग?’ आणि कोणी म्हणतो, ‘काहीही करा, पण ऑपरेशन करा.’ ही दोन्ही वाक्ये प्रेमापोटी निघतात, आणि दोन्ही विचारावाचून निघतात. त्या विचाराची थोडी सामग्री आपल्यापुढे ठेवावी, एवढाच माझा आजचा हेतू आहे.

प्रथम हे दोन रोग एकत्र का येऊ लागले, ते पाहू. १९४८ साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी तीव्र ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनॉप्टेरिन नावाचे औषध दिले आणि काही मुलांचा रोग काही काळापुरता मागे हटला. ज्या प्रयोगशाळेने हे औषध पुरविले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातील डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यापूर्वी ल्युकेमिया म्हणजे आठवड्यांचा हिशेब होता. पुढे १९५३ सालच्या ६ मे रोजी फिलाडेल्फिया शहरात डॉ. जॉन गिबन यांनी स्वतः तयार केलेल्या हृद्-फुप्फुस यंत्रावर एका अठरा वर्षांच्या मुलीचे रक्त २६ मिनिटे फिरते ठेवले आणि तेवढ्या अवधीत तिच्या हृदयातील भोक शिवून टाकले. त्याच फिलाडेल्फियात १९६० साली पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना जीर्ण ल्युकेमियाच्या रोग्यांत एक आखूड गुणसूत्र दिसले. त्या गुणसूत्राचा माग काढीत शास्त्र गेले, आणि २००१ साली इमॅटिनिब हे औषध रोग्यांच्या हाती आले. एकाच शहरात सात वर्षांच्या अंतराने लावलेली ही दोन रोपे. त्यांच्या फांद्या आज एकमेकींत गुंतल्या आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडेही या दोन्ही वाटा मुंबईत परळच्या एका टापूत समोरासमोर आहेत. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याच्याच शेजारी के. ई. एम. रुग्णालयात १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपणाचा भारतातील पहिला प्रयत्न केला. आणि २०२३ साली मुंबईच्याच आय. आय. टी. व टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून निघालेल्या कार-टी पेशींच्या उपचाराला देशात परवानगी मिळाली.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की रक्ताचा कर्करोग झालेली माणसे आता जगतात. इमॅटिनिबसारखी गोळी नियमाने घेणारा जीर्ण मायलॉइड ल्युकेमियाचा रोगी बहुधा इतरांच्या जवळपास आयुष्य काढतो. आणि माणूस जगला, की त्याचे हृदयही म्हातारे होते. दुसरी गोष्ट जरा कडू आहे. ज्या उपचारांनी त्याला जगविले, त्यांतलेच काही हृदयाला दुखावतात. डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन ही तांबडी औषधे हृदयाच्या स्नायूवर कायमची खूण सोडू शकतात, आणि जन्मभरात घेतलेली मात्रा जसजशी वाढत जाते, तसतसा हा धोका वाढतो. हॉजकिनच्या लसिकाग्रंथींच्या रोगात पूर्वी छातीवर मोठ्या प्रमाणात किरण देत. त्या किरणांनी रोग बरा झाला. पण दहा-वीस वर्षांनी हृदयाच्या रोहिण्या अरुंद होणे, झडपा कडक होणे, हृदयाभोवतीचे आवरण आवळून बसणे, असे प्रकार दिसू लागले. म्हणजे पंचविशीत कर्करोगातून वाचलेला माणूस पंचेचाळिशीत हृदयाच्या शस्त्रवैद्यापुढे येऊन उभा राहतो.

दुसरा मुद्दा असा, की ‘रक्ताचा कर्करोग’ हे एका रोगाचे नाव नव्हे. ते एका मोठ्या कुळाचे आडनाव आहे. त्या कुळात काही व्यक्ती वादळासारख्या आहेत. तीव्र ल्युकेमियात उपचार काही दिवसांत सुरू करावा लागतो. काही अगदी मंद चालीच्या आहेत. वृद्धांतला जीर्ण लिंफोसायटिक ल्युकेमिया कित्येकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत सापडतो आणि वर्षानुवर्षे त्याला औषधही लागत नाही. मायलोमात हाडे पोखरली जातात व मूत्रपिंडे थकतात. रक्त दाट होण्याचेही काही विकार याच कुळात मोडतात. तेव्हा ‘कर्करोग आहे’ एवढ्यावरून शस्त्रक्रिया करावी की न करावी हे ठरविणे, म्हणजे ‘देशपांडे आहेत’ एवढ्यावरून माणूस कसा असेल ते ठरविण्यासारखे आहे.

आता हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्ताचे काय होते, ते पाहू. हृदय थांबवून त्याच्या आत काम करावयाचे, तर शरीराचे रक्त नळ्यांतून बाहेर काढून यंत्रात फिरवावे लागते. परक्या पृष्ठभागाला लागले, की रक्त गोठू पाहते. म्हणून हेपॅरिन देऊन त्याची गोठण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी करतात. हेपॅरिनचा शोध १९१६ साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या कामातून लागला. शस्त्रक्रिया संपली, की प्रोटॅमिन देऊन हेपॅरिनचा परिणाम उतरवितात. यंत्र आधी द्रवाने भरावे लागते, त्यामुळे रक्त पातळ होते. बहुधा शरीर थंड करतात, आणि हृदयाला थांबविण्यासाठी द्यावयाचा द्रव पुष्कळदा चार अंशांच्या आसपास थंड असतो. निरोगी रक्तालासुद्धा ही परीक्षाच आहे. आजारी रक्त मात्र प्रत्येक प्रश्नाला वेगळे अडखळते.

पहिला प्रश्न रक्तस्रावाचा. रक्तबिंबिका, म्हणजे ज्यांना आपण सर्रास प्लेटलेट म्हणतो, त्या निरोगी माणसात दर मायक्रोलिटरला दीड ते चार लाख असतात. यंत्रातून फिरल्यावर त्यांची संख्या पुष्कळ घटते आणि उरलेल्यांचे कामही मंदावते. ज्याच्याजवळ मुळातच साठ हजार आहेत, त्याच्याजवळ उरणार काय? म्हणून अशा रोग्यासाठी प्लेटलेटच्या पिशव्या आधीच तयार ठेवाव्या लागतात. जपानमधील उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी १९६२ साली जगापुढे आणलेले ट्रॅनेक्सॅमिक आम्ल येथे फार उपयोगी पडते. त्याने झालेली गाठ टिकून राहते. शिवाय नुसती संख्या पाहून भागत नाही. जीर्ण लिंफोसायटिक ल्युकेमियावरील इब्रुटिनिबसारख्या गोळीने प्लेटलेट पुरेशा असूनही त्या नीट चिकटत नाहीत. ती गोळी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर, शस्त्रक्रियेच्या स्वरूपाप्रमाणे तीन ते सात दिवस बंद ठेवतात. पण हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कर्करोगाची गोळी बंद करणे, यासारखे धोक्याचे दुसरे काही नाही.

गंमत अशी, की याच्या अगदी उलट अडचणही येते. प्लेटलेट दहा लाखांच्या पुढे गेलेला रोगी असतो. त्याच्या रक्ताच्या गाठी होऊन बायपासची नवी नळी बुजण्याची भीती असते. आणि संख्या फार वाढली, की रक्त गोठविणारे एक प्रथिन त्या प्लेटलेटच गिळून टाकतात व रोगी रक्तस्राव करू लागतो. धरले तर चावते, सोडले तर पळते! अशा रोग्यात शस्त्रक्रिया घाईची नसेल, तर औषधाने संख्या आधी खाली आणणे हाच शहाणपणाचा मार्ग.

दुसरा प्रश्न जंतूंचा. पांढऱ्या पेशी पुष्कळ आहेत म्हणजे सैन्य पुष्कळ आहे, अशी आपली समजूत असते. ल्युकेमियातील सैन्य हे गणवेश घातलेले, पण हत्यार चालविता न येणारे सैन्य आहे. आकडा पन्नास हजार असेल आणि खऱ्या लढवय्या पेशी पाचशेसुद्धा नसतील. केमोथेरपीनंतर साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पेशींची संख्या तळाला जाते. त्या काळात, जीव वाचविण्याची निकड नसेल तर, छाती उघडू नये. लिंफोसायटिक ल्युकेमियात आणि मायलोमात रक्तातील संरक्षक प्रथिनेही कमी असतात. त्यात स्टेरॉइड घेतलेले असेल, तर छातीच्या मधल्या हाडाची जखम उशिरा भरते. म्हणून दात, त्वचा, लघवी, आधीच बसविलेली नळी, सगळीकडे जंतू दडले आहेत का, हे शोधून मगच हा रोगी शस्त्रगृहात न्यावयाचा.

तिसरा प्रश्न थंडीचा आहे, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. काही लिंफोमांत रक्तात अशी प्रथिने असतात, की रक्त थंड झाले, की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. घरी बसलेल्या रोग्याला याचा पत्ताही नसतो; फार तर थंडीत बोटे निळी पडतात. पण शस्त्रक्रियेत शरीर थंड केले, की हृदयाच्या बारीक रोहिण्यांतच हे गठ्ठे अडकू शकतात. उपाय साधा आहे: आधी तपासणी करावयाची, शरीर उबदार ठेवूनच शस्त्रक्रिया करावयाची, आणि हृदय थांबविण्याचा द्रवही कोमट वापरावयाचा. वाल्डेनस्ट्रोम यांनी १९४४ साली वर्णन केलेल्या रोगात रक्त मधासारखे दाट होते. तेथे रक्तातील द्रव बदलून मगच पुढे जातात. थंडीत निळ्या पडणाऱ्या बोटांचा उल्लेख रोग्याने केला आणि डॉक्टरने ऐकला, तर एखादे हृदय वाचते. एवढी मोठी यंत्रे आली, तरी रोग्याचे बोलणे ऐकण्याची गरज संपलेली नाही.

चौथा प्रश्न दिलेल्या रक्ताचा. हॉजकिनचा रोग, काही विशिष्ट औषधे, अस्थिमज्जारोपण, यांतून गेलेल्या रोग्याला साधे रक्त दिले, तर दात्याच्या पांढऱ्या पेशी त्याच्या शरीरात घर करून त्याच्यावरच उलटू शकतात. हा प्रकार विरळा, पण बहुधा प्राणघातक असतो. म्हणून अशा रोग्याचे रक्त आधी किरणांखाली धरून घ्यावे लागते. पण त्यातही मेख आहे. किरण दिलेले रक्त साठवून ठेवले, की त्यात पोटॅशियम वाढते, आणि पोटॅशियम हृदयाला थांबविते. म्हणून किरण ताजे दिलेले असावेत, अशी काळजी हृदयाच्या शस्त्रक्रियेत घेतात. एक रक्तपेढीवाला, एक रक्तरोगतज्ज्ञ, एक भूल देणारा, एक शस्त्रवैद्य आणि यंत्र चालविणारा, एवढे जण आदल्या दिवशी एका टेबलाभोवती बसले नाहीत, तर यांतली एखादी गोष्ट निसटणारच.

आता मुख्य प्रश्न: आधी काय करावयाचे? तीन उदाहरणे कल्पनेने घेऊ. समजा, साताऱ्याचे एक अडुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना मंद चालीचा लिंफोसायटिक ल्युकेमिया आहे, औषध चालू नाही, आणि हृदयाच्या तिन्ही रोहिण्या बुजल्या आहेत. येथे कर्करोगाने वाट अडविण्याचे कारण नाही. जंतूंची आणि रक्ताची अधिक तयारी ठेवून इतरांसारखाच बायपास करावा. दुसरा, समजा, तिशीतला तरुण आहे. लहानपणच्या सांधेतापाने झडप गळते आहे आणि आता तीव्र ल्युकेमिया निघाला आहे. त्याचा ल्युकेमिया थांबणार नाही. आधी त्याचे रक्त दुरुस्त करावयाचे, तोवर हृदय औषधांवर सांभाळावयाचे, सलाइनचा प्रत्येक थेंब मोजावयाचा, आणि रोग मागे हटला, पेशी सावरल्या, की झडपेकडे वळावयाचे. तिसऱ्या एक आजीबाई आहेत. त्यांना बऱ्या होण्याजोगा लिंफोमा आहे, पण महारोहिणीची झडप इतकी अरुंद आहे, की केमोथेरपीचा भार त्या सोसणार नाहीत. तेथे हृदय आधी.

आणि या आजीबाईंसाठी छाती उघडण्याचीही गरज नसेल. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समध्ये रूआं येथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप बसविली. त्या पद्धतीने ज्यांना पूर्वी ‘शस्त्रक्रिया झेपणार नाही’ म्हणून परत पाठवीत, त्यांना दार उघडले. ज्यांच्या छातीवर पूर्वी किरण दिले आहेत, त्यांच्या छातीत सगळे चिकटून गेलेले असते, बायपाससाठी वापरावयाची छातीतली रोहिणीही कधी खराब झालेली असते. त्यांनाही ही वाट उपयोगी पडते. बायपास करावयाचाच असेल, तर यंत्र न लावता चालत्या हृदयावर तो करता येतो. झडप बदलावयाची असेल, तर धातूच्या झडपेसाठी जन्मभर रक्त पातळ ठेवावे लागते; ज्याच्या प्लेटलेट वरचेवर खाली जाणार आहेत, त्याला बहुधा प्राणिज झडपच बरी. स्टेंट घातला, तर दोन-दोन गोळ्या घ्याव्या लागतात. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघाने २०२२ साली याविषयी मार्गदर्शन केले आहे: प्लेटलेट दहा हजारांच्या खाली असतील तर ॲस्पिरिन नको, तीस हजारांच्या खाली असतील तर क्लोपिडोग्रेल नको. म्हणजे प्लेटलेट कमी आहेत, एवढ्यावरून हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिनसुद्धा नाकारणे बरोबर नव्हे.

येथे कोणी विचारील, की रक्ताच्या पिशव्या मोजक्या, खाटा मोजक्या, घरातला पैसाही मोजका. मग तो कर्करोगाच्या माणसावर का घालावा? हा प्रश्न निष्ठुर वाटला, तरी तो टाळू नये. त्याचे उत्तर असे, की कोणता रोग आधी मारणार आहे, ते पाहा. महारोहिणीची झडप अगदी अरुंद होऊन धाप, छातीत दुखणे, चक्कर ही लक्षणे दिसू लागली आणि झडप बदलली नाही, तर सुमारे निम्मे रोगी दोन वर्षांत दगावतात. मंद ल्युकेमियाचा रोगी दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगू शकतो. त्याची झडप नाकारणे म्हणजे ज्या रोगाने तो मरणार नव्हता, त्याच्या नावाखाली त्याला दुसऱ्या रोगाने मरू देणे होय. परंतु हाच काटा उलटाही फिरतो. ज्याच्या ल्युकेमियाने सर्व औषधांना दाद दिलेली नाही आणि ज्याच्यापुढे काही आठवडेच आहेत, त्याची छाती उघडण्यात धैर्य नाही, दयाही नाही. त्याची धाप कमी करणे, त्याचे दुखणे शमविणे, त्याला घरच्या माणसांत ठेवणे, हेही वैद्यकच आहे.

हा निर्णय घेणार कोण? आपल्याकडे घरची मंडळी डॉक्टरांना दाराशी गाठून सांगतात, ‘साहेब, अप्पांना कर्करोगाचे काही बोलू नका.’ त्यामागची माया मला कळते. पण ज्याची छाती उघडावयाची, त्याला आपल्या रक्तात काय आहे हे ठाऊकच नसेल, तर त्याच्या संमतीला अर्थ काय उरला? धोका पत्करावयाचा त्याने, आणि धोक्याचे निम्मे कारण लपवावयाचे आपण! अप्पा आपल्याला वाटतात त्यापेक्षा खंबीर असतात. पुष्कळदा त्यांना कळलेलेही असते. ते फक्त आपली समजूत मोडू नये म्हणून गप्प असतात.

लपविण्याचा दुसराही एक प्रकार आहे. लहानपणी हॉजकिनमधून किंवा ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या मुलीचे लग्न ठरविताना जुने कागद पेटीच्या तळाशी जातात, आणि पुढे कधी तरी बंबात जातात. वीस वर्षांनी तिला दम लागतो. तेव्हा तिच्या छातीवर किरण दिले होते की नाही, तांबडे औषध किती दिले होते, हे सांगणारे कोणी उरत नाही. माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे: ती फाइल जाळू नका. दागिन्यांच्या डब्यापेक्षा जपून ठेवा, आणि मुलगी मोठी झाली, की तिच्या हाती द्या.

ज्यांच्या घरी हा प्रसंग आला असेल, त्यांनी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. यांचा रक्ताचा रोग नेमका कोणत्या जातीचा, आणि त्याची चाल कशी? त्यातून आयुष्य किती, याचा अंदाज काय? हृदयाचे काम थांबू शकते का, आणि थांबले तर किती? आणि रक्ताचे व हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी बोलले आहेत काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे अजून पुरी झालेली नाहीत, असे समजावे.

शेवटी आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा प्रसंग नाही, आणि कधी न येवो, त्यांच्यासाठी एक गोष्ट. प्लेटलेट रक्तपेढीत साधारण पाचच दिवस टिकतात. त्या कोठारात भरून ठेवता येत नाहीत आणि कारखान्यातून मागविता येत नाहीत. सोमवारी दिलेल्या प्लेटलेट पुढच्या सोमवारी उपयोगाच्या नसतात. तेव्हा ज्या दिवशी अशा रोग्याची छाती उघडते, त्याच्या दोन-चार दिवस आधी कोणा तरी अनोळखी माणसाने रक्तपेढीत जाऊन तास-दीड तास हात पुढे केलेला असावा लागतो. मे महिन्याच्या सुटीत गावे रिकामी होतात आणि रक्तपेढ्याही रिकाम्या होतात. या व्याख्यानमालेला रोज संध्याकाळी येणाऱ्या श्रोत्यांपैकी धडधाकट मंडळींनी त्यांतली एक संध्याकाळ रक्तपेढीला दिली, तर या माळेचे चालक रागावणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.